कपाटामागं मोजलेली भिंत

आमच्या घरी काही बिघडलं का सारे आधी माह्या तोंडाकडं पाहतात. मले त्याचं वाईट नाही वाटत, कारन बहुतेक वेळा ते म्याच बिघडवलेलं असते. पन बायको पडली त्या दिवशी कोनी माह्याकडं पाह्यलं नाही. त्यानंच मी जास्त भेलो.

आमचं गाव बाभुळगावच्या अलीकडं, रस्त्याले लागून. वावरात कापूस, मधातमधात तुरीचे तास, म्हनजे ओळी. पोरगं पुन्याले नौकरीवर, पोरगी सासरी. घरात आमी दोघंच, अन् तिसरी माही बडबड.

घर म्या बांधलं तव्हा गोमुखी बांधलं. म्हनजे गाईच्या तोंडासारखं, समोरून अरुंद अन् मागं रुंद. समोरून रुंद असलं तं ते वाघमुखी, त्यात बरकत टिकत नाही म्हनतात. मिस्तरी म्हने, भाऊ, काटकोनात बांधू द्या, उद्या फरशी बसवाले सोपं जाईन. म्या म्हनलं, फरशीसाठी बरकत सोडू का. समोरची मोठी खोली तशीच तिरपी बांधून घेतली. अन् मंग पाव्हना आला का पानी द्याच्या आधी मी त्याले घराचं तोंड समजावून सांगो. पाव्हना बिचारा तहानलेला, अन् मी आपला गाय अन् वाघ करत राहो.

त्याच खोलीत पाच-सहा वर्साखाली म्या चकचकीत टाईल बसवलं. दुकानात बायको म्हने, खरबरीत घ्या, पाय ठरला पाह्यजे. म्या म्हनलं, येडी हायेस का व, फरशी अशी पाह्यजे का वाकलं तं आपली मिशी दिसली पाह्यजे. घेतली माह्या मनाची. दिसे, मिशी दिसे. गावातले लोक येत, वाकून वाकून पाहत, कोनी कोनी तं भांगही पाडून घेत.

ह्या वर्सी तान्ह्या पोळ्याच्या, म्हनजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बायको त्याच फरशीले पोछा मारून उठली अन् घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळले ऑपरेशन झालं, आत सळाख टाकली. दवाखान्यात ती खाटेवर अन् मी खाली चटईवर. रोज मले वाटे, आता म्हनन, आता म्हनन, का तुमच्या मिशीपायी मोडलं माहं हाड. एक बार बी म्हनलं नाही. शिव्या देल्ल्या असत्या तं मले झोप आली असती.

हाड जुळलं. डॉक्टरनं एक्सरे उजेडाले धरून दाखवला. म्हने, पाहा काकाजी, पक्कं झालं, आता हिले चालवा.

पन हाड जुळलं तरी तिच्या मनातली फरशी वलीच राह्यली. घरी आनलं अन् त्या टाईलवर पाय टेकवा म्हनलं तं तिचे हातपाय थंड पडत. मंग म्या घरातली सारी गोनपाटं काढली, तुरीची, सोयाबीनची, अन् खाटेपासून मोरीपावतर रस्ता केला. त्यावर बी ती एकटी नाही चाले. माह्या गळ्यात हात टाकनार, डोळे गच्च मिटनार, अन् मी तिले देवीच्या मिरवनुकीसारखं हळूहळू मोरीपावतर नेनार. आनतानी बी तसंच. दाराच्या बाहेरून जानाऱ्या बाया पाहत अन् पदर तोंडाले लावत. एक तं मोठ्यानं बोलली, "पाह्य व, जवानीत कधी हात नाही धरला अन् आता सोडून नाही राह्यले."

मी त्या बाईच्या बोलन्यावर हसलो. पन मनात हसू नव्हतं. कारन डॉक्टरनं मागच्या खेपेले मले बाजूले घेतलं होतं. "काकाजी, तुमी धरूनधरून चालवता ना, ते चालनं नाही. स्वतःच्या पायावर भार टाकला नाही तं पाय आखडन. अन् एकदा आखडला का मंग मी बी काही करू शकत नाही. दिवाळीपावतर ती एकटी चालली पाह्यजे." दसरा तं होऊन गेलता.

दवाखान्याच्या बाजूले एक पोरगी हाय, लोकायचे हातपाय हालवून घेते, व्यायाम करवते. तिच्याकडं आठवड्यातून एकदा जावो. तिच्या खोलीत खाली लाकडी फरशी. पयल्याच दिवशी बायकोनं चप्पल काढली, पाय खाली टेकवला, थोडा दाबून पाह्यला. पेरनीच्या आधी वल पाहाले ढेकूळ दाबते ना, तसा. अन् चालली. भिंतीच्या दांड्याले हात लावून, पन चालली. डोळे उघडे ठेवून. मी दारात उभा होतो, मले वाटलं आता आवाज केला तं पडन, म्हनून खोकला आला तो बी गिळला.

मंग म्या त्या पोरीले इचारलं, "बाई, हे कोन्या झाडाचं लाकूड? सागाचं तं नाही वाटत."

"लाकूड नाही काकाजी, लॅमिनेट आहे. पट्ट्या येतात, एकमेकीत अडकवायच्या. खाली फोम असतो."

म्या वाकून पाह्यलं. मिशी नाही दिसली. मनात म्हनलं, हेच पाह्यजे.

ऑटोत बायको बाहेर पाहत बसली. बाभुळगावचा फाटा आला तव्हा बोलली, "तशी फरशी घरी असती तं..." ती मागनारी बाई नाही. एवढ्या वर्सात तिनं तोंडानं मागलेली गोष्ट म्हनजे ते खरबरीत टाईल, अन् ते म्या आनलं नव्हतं. आता ही दुसरी. म्या ठरवलं, ही तरी आनाची.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनीले हिच्याजवळ बसवलं अन् यवतमाळले फरशीच्या दुकानात गेलो. दुकानदार जवान मानूस, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यानं रंग दाखवले. व्यायामाच्या खोलीत होता तसाच रंग म्या बोटानं दाखवला, जुन्या सागाच्या पाटासारखा.

"माप आनलं का काकाजी?"

"आनलं ना. लांबी तेरा हात, रुंदी नऊ हात."

त्यानं लिहाले पेन उचललं होतं, ते तसंच राह्यलं. "कोनाचे हात?"

"माहे."

"तं मंग हात इथंच ठेवून जा. मी नागपूरले पाठवतो, त्यायले म्हनतो ह्या हातानं मोजून द्या."

दुकानातली पोरं हसली. मी बी हसलो. अन् हसताहसता खरं सांगून बसलो, का माहे दोन हात बी सारखे नाहीत. लहानपनी दुसऱ्याच्या वावरातली बोरं तोडाले झाडावर चढलो, मालक आला, उडी मारली, डावा हात कोपरातून निखळला. गावच्या वैद्यानं बसवला, पन बसवताना त्याचं ध्यान बाहेर भांडन चालू होतं तिकडं असन. तव्हापासून डावा हात जरासा आखूड. अन् खोलीची लांबी म्या उजव्यानं मोजली, वाकूनवाकून खांदा दुखला म्हनून रुंदी डाव्यानं.

दुकानदारानं चष्मा डोक्यावरून डोळ्यावर घेतला अन् माह्याकडं नीट पाह्यलं. मी काय चीज हाय ते त्याले पाहाचं होतं.

"काकाजी, टेप घ्या. फुटात मोजा. चारी भिंती मोजा. कापाकापीत जाते ते आमी वरून धरतो, तुमी फक्त खोली बराबर सांगा. अन् हा रंग कमी येते. एकदा मागवला अन् पट्ट्या कमी पडल्या, तं मंग हाच रंग परत भेटन याची गॅरंटी माही नाही."

चारी भिंती म्हनला, हे म्या आयकलं होतं. पन मले वाटलं दुकानदार हाय, त्यायची बोलाची पद्धतच तशी. समोरासमोरच्या भिंती सारख्याच असतात हे तं शाळेत न गेलेल्यालेही समजते. मी तसाच, शाळेच्या मागं बकऱ्या चारलेला. शाळेचं जे काही आयकलं ते खिडकीतून.

येताना हार्डवेअरच्या दुकानातून टेप घेतला. लोखंडी डबी, ओढली का पातं बाहेर येते, सोडलं का आत पळते. पात्याच्या टोकाले एक वाकडा आकडा. मले ते इतकं आवडलं का बसमधी घरापावतर ओढ-सोड करत आलो. बाजूच्या मानसानं जागा बदलली.

आता खोली कशी होती ते सांगतो, नाही तं पुढचं समजनार नाही. दार समोरच्या भिंतीत, त्याच भिंतीत खिडकी, अन् खिडकीखाली बायकोची खाट. गोनपाटाचा रस्ता खाटेपासून बाजूच्या मोरीकडं. मागची भिंत खोलीच्या दुसऱ्या टोकाले, तिले लागून एक लोखंडी कपाट अन् बाजूले दान्याची टिनाची कोठी. तिकडं एक बी गोनपाट नव्हतं. पडल्यापासून बायको त्या बाजूले गेलीच नव्हती.

जेवनं झाल्यावर म्या काम काढलं. समोरच्या भिंतीपासून सुरू केलं. आकडा कोपऱ्यात लावला, डबी घेऊन दुसऱ्या कोपऱ्याकडं निघालो, का आकडा सुटे अन् पातं सर्रकन मागं. तीन-चार बार तसंच झालं. मंग डोस्कं चालवलं. पाट्यावरचा वरवंटा आनला अन् आकड्यावर ठेवला.

बायको खाटेवर लसून सोलत होती. "काय करून राह्यले?"

"माप घेऊन राह्यलो."

"वरवंट्याचं?"

म्या ध्यान नाही देल्लं. पातं ओढत निघालो, कोपऱ्याजवळ पोचलो, वाकलो माप पाहाले, अन् तिकडं वरवंटा घरंगळला. पातं आलं ते सरळ माह्या अंगठ्यावर. म्या अंगठा तोंडात घातला. वरवंटा चकचकीत टाईलवरून गोलगोल फिरत खाटेखाली जाऊन बसला, जसा त्याले बी माह्यापासून लपाचं होतं.

"एकट्याचं काम नाही ते," बायको बोलली. "वावरात बी कधी जमलं होतं का एकट्यानं?"

नव्हतं जमलं. आमी कापूस चौफुलीवर लावत होतो, उभं-आडवं सारखं अंतर ठेवून. लांब दोरीले मापामापावर लाल चिंध्या बांधलेल्या. वावराच्या एका धुऱ्यावर, म्हनजे बांधावर, मी, दुसऱ्या धुऱ्यावर ती. दोरी तानून धरली का बाया चिंधीखाली सरकी टोबत. मी ओरडो, धर व, ओढ. अन् तिकडून दोरी टनक. तिच्याकडं पाहाचं काम कधी पडलं नाही. तास वाकडा गेला तं समजून जावाचं, का माह्या टोकानं गेला. मी उभ्याउभ्या कोनाशी तरी बोलत राहो अन् पाय सरके.

पन आता तिले कसं म्हनू, का ऊठ अन् टोक धर. म्या वरवंटा परत आनला, वरून पाट्याचा दगड बी आनून ठेवला, अन् समोरची भिंत मोजली एकदाची. साडेबारा फूट. मंग खाटेच्या बाजूची लांब भिंत मोजली. ते एकोनीस. टेपाची डबी बंद केली अन् म्हनलं, "झालं. उद्या नेऊन देतो."

तिनं लसून सोलनं थांबवलं. "मागची?"

"मागची कायले? समोरची साडेबारा, तं मागची बी साडेबाराच असन ना. भिंत काय रातून वाढते का?"

ती माह्याकडं पाहत राह्यली. मंग म्हने, "अन् ते गाईचं तोंड कोनाच्या घराचं हाय?"

मी खाटेच्या कडेवर बसलो. एवढी वर्स गावाले, पाव्हन्याले, पोस्टमनले बी सांगत आलो का माही खोली मागून रुंद हाय. एक दिवस ते मलेच माहीत असाचं काम पडलं, अन् नेमकं तव्हाच इसरलो. तसंच माप देल्लं असतं तं मागच्या बाजूले पट्ट्या कमी पडल्या असत्या, रंग भेटला नसता, अन् मागच्या भिंतीजवळ तेच मिशीवालं टाईल राह्यलं असतं. हिनं मंग त्या टाईलकडं पाहूनपाहून सारी खोलीच सोडली असती.

"बरं झालं आठवन केली," म्या म्हनलं.

"मी नाही आठवन करनार तं कोन करन? तुमाले सांगाचं तेवढं राहते ध्यानात."

आता मागची भिंत. कपाट अन् कोठी हालवनं एकट्याच्या बसची बात नाही. पन कपाट भिंतीपासून जरा पुढं होतं, पावसाळ्यात भिंतीले वल येते म्हनून. म्या पाह्यलं, आडवं होऊन शिरलं तं मानूस जाते. मानूस जाते, पन मी जातो का, हे पाह्यलं नाही. पोट आत घेतलं, श्वास धरला, अन् कपाटाच्या मागं शिरलो. एका हातात डबी, दुसऱ्या हातानं पातं कपाटामागून, कोठीमागून तिकडच्या कोपऱ्याकडं सरकवत गेलो. पातं निघालं तिकडं. मले त्याचं टोक दिसत नव्हतं. मले काहीच दिसत नव्हतं, नाकासमोर कपाटाचा पत्रा अन् डोक्याले जाळं.

अन् म्या सवयीनं आवाज देल्ला. तोंडातून निघून गेला. जसा धुऱ्यावरून देतो तसा.

"धर व. कोपऱ्याले लाव. ओढ."

पातं टनक झालं.

म्या अंगठा कोपऱ्यावर दाबला अन् माप पाहाले मान वळवली. मंग माह्या डोक्यात उजेड पडला. का हे ओढलं कोनं?

माह्या छातीत जिनिंगची मशीन सुरू झाली. घरात आमी दोघंच. ती खाटेवर होती. कोपरा खोलीच्या दुसऱ्या टोकाले. मधात सारी चकचकीत फरशी. अन् पातं तं दोरीसारखं तानलेलं.

आता काही बोललो अन् तिच्या ध्यानात आलं तं? घाबरली तं? पडली तं मी हा कपाटाच्या मागं, धरालेही नाही.

"धरलं म्हनलं ना," तिचा आवाज आला. "किती आलं?"

"पाहून राह्यलो."

"एवढा वेळ?"

"अंधार हाय व इथं."

पातं थोडं हाललं.

"अहो."

"काय."

"मी कुठं हाव?"

आता काय सांगावं मानसानं. म्या सांगतलं, "टेपाच्या टोकाले हायेस."

"खाली गोनपाट नाही."

"मले दिसत नाही इथून."

"या ना मंग बाहेर. लवकर या."

"आलो," म्हनलं अन् निघाले गेलो. नाही निघालो. पोट आत घेतलं होतं ते गोष्टीगोष्टीत बाहेर आलं होतं, अन् कमरेचा करदोडा कपाटाच्या मागच्या पत्र्यात कुठंतरी अटकला होता. पुढं सरकलो तं करदोडा ओढे, मागं सरकलो तं पोट. दोन-तीन बार जोर लावला. कपाटातले बायकोचे पितळी डबे वाजले, मी तसाच.

"काय झालं?"

"अटकलो."

"खोटं नका बोलू. मले चालवाले नाटक करून राह्यले."

"देवाशपथ. करदोडा अटकला. पोट बी."

तिकडून काही आवाज आला. मले वाटलं रडून राह्यली. मी अजून जोर लावला, कपाट डुगडुगलं. मंग कान देऊन आयकलं तं ती हसत होती. दम लागून हसत होती. पडल्यापासून म्या ते हसनं आयकलं नव्हतं. अन् हसताहसता तिचा आवाज जवळ येत होता. आधी कोठीच्या टिनावर हात टेकल्याचा आवाज आला, ठन. मंग कपाटाच्या दारावर. मंग काही नाही, दोन-चार पावलं काहीच नाही, तेवढ्यात माहा जीव गेला अन् आला. अन् मंग कपाटाच्या ह्या बाजूनं, जिथून मी शिरलो होतो तिथून, तिचं तोंड दिसलं.

डोळे उघडे होते.

"हात द्या," म्हने.

"पडशीन."

"हात द्या म्हनलं ना."

म्या हात देल्ला. डावा, वाकडा, तोच बाहेर होता. तिनं एका हातानं कपाट धरलं अन् दुसऱ्यानं माहा हात. तिले ओढाचं सांगावं लागत नाही. करदोडा तुटला, बंडीचं बटन उडालं, कपाट बोटभर सरकलं, अन् मी बाहेर. मिशीत जाळं, डोक्यावर पांढरी धूळ, अंगठ्यातून टेप सुटलेला.

आमी दोघं समोरासमोर उभे. दोघायच्या पायाखाली मिशीवालं टाईल. तिनं खाली पाह्यलं. मले वाटलं आता घाबरन, अन् म्या दोन्ही हात पुढं केले धराले. ती फरशीत पाहत राह्यली अन् म्हने, "आता पाहा तुमची मिशी. कोळ्यानं घर केलं."

म्या वाकून पाह्यलं. केलंच होतं.

"किती आलं माप?" तिनं इचारलं.

मापावर अंगठा ठेवला होता, तो अटकाअटकीत कव्हाच सुटला होता. ती समजून गेली. तिले माहा चेहरा वाचाले टेप लागत नाही.

"बरं," म्हने. "परत घ्या. कपाटामागं नका जाऊ, मधातून वरून धरा, कपाटाच्या डोक्यावरून. मी तिकडून धरते."

अन् ती परत गेली त्या कोपऱ्याले. आता हाकेच्या भरात नाही, इसरून नाही. आपल्या ध्यानात ठेवून. कपाटाले हात, मंग कोठीले हात, मंग मधात काही नव्हतं तिथं भिंतीले बोटं टेकवत. पाय थरथरत होता, मले दिसत होता. आयुष्यात पयल्यांदा मी बोललो नाही. ती कोपऱ्यात पोचली, वळली, आकडा कोपऱ्याले लावला अन् म्हने, "हां. ओढा."

मागची भिंत चौदा फूट निघाली. दोनदा मोजली. खरं सांगतो, दुसऱ्यांदा मोजाचं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली लांब भिंत बी मोजली अन् दुकानात गेलो. दुकानदारानं चारी भिंती कागदावर मांडल्या, रेषा काढल्या अन् म्हने, "काकाजी, ही खोली तं तिरपी हाय."

म्या त्याले गाय अन् वाघ सांगाले तोंड उघडलं, पन मंग नाही सांगतलं.

"ह्या बारीनं कोनाच्या हातानं मोजलं?" तो हसून बोलला.

"एक टोक माहं. एक बायकोचं."

"मंग बराबर असन," तो बोलला. तिले त्यानं कधी पाह्यलं नव्हतं. मले पाह्यलं होतं, तेवढ्यावरूनच बोलला असन.

गावात आता गोष्ट अशी फिरते का म्या बायकोले चालवाले नाटक केलं, मुद्दाम कपाटामागं अटकलो. काय हुशार मानूस हाय म्हनतात. दवाखान्यात डॉक्टर बी बोलला, "काकाजी, डोकं लावलं तुमी." म्या मान हालवून घेतली, एवढ्या मोठ्या मानसाले कायले खोटं पाडाचं. पन बायको बाजूलेच बसली होती. "डोकं कुठलं," म्हने, "पोट लावलं. अन् करदोडा." डॉक्टर हसत हसत तिचा पाय वाकवून पाहत होता. पाय वाकत होता.

दिवाळीच्या आधी पट्ट्या आल्या, बसवनाराही आला. शेवटच्या पट्ट्या त्याले तिरप्या कापाव्या लागल्या, एका टोकाले बारीक अन् एका टोकाले रुंद. तो कुरकुरला, म्हने कोनं बांधलं हे. बायको खाटेवरून म्हने, "ह्यायलेच इचारा, गाय दाखवतीन." पट्ट्या कमी नाही पडल्या. दोन उरल्या बी, त्या तिनं देवाच्या पाटाखाली ठेवल्या.

गोनपाटं तिनंच उचलली. एकएक झटकून, दारात बसून घडी घातली, अन् गठ्ठा माह्या अंगावर टाकला. "वावरात न्या. तुरीले लागतीन."

अजून जराशी लंगडते. थंडीत पाय दुखते म्हनते. पन सकाळी ती उठते तव्हा मले पट्ट्यांवरचे पाय आयकू येतात. टाईलवर आवाज नव्हता येत, यावर येते, टक, थोडं थांबून टक. खाटेपासून दारापावतर, दारापासून मोरीपावतर, मंग मागं कोठीपावतर. मी जागा झालेला असतो, पन डोळे नाही उघडत. पडल्यापडल्या आयकत राहतो. उघडले का ती काम सांगते.